संहितेआधीची सांधणी
लेखमाला : कामवारीकाठचे कायदे – भाग ६

भिवंडीतल्या एखाद्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसचं संमतीपत्र हातात घ्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ते देतं, आणि सुरुवातीलाच तीन आधार सांगतं : जल अधिनियम १९७४ चं कलम २६, हवा अधिनियम १९८१ चं कलम २१, आणि घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतला नियम ६. हे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली केलेले आहेत. आवार एकच, पण नाल्यात उतरणाऱ्या पाण्याला एक कायदा, चिमणीच्या धुराला दुसरा आणि सांडपाणी शुद्ध केल्यावर टाकीच्या तळाशी राहणाऱ्या गाळाला तिसरा. मालकासाठी हा एक कागद असतो. नदीनाक्याजवळ राहणाऱ्या माणसासाठीही त्रास एकच असतो. कायदा मात्र त्याचे तीन तुकडे करतो.

मागच्या भागात आपण या संमतीपत्रातल्या अटी वाचल्या. त्यातून साहजिकच प्रश्न उभा राहतो की, पर्यावरणाचा सगळा कायदा एकाच संहितेत का बांधू नये? तसं झालं तर राज्याच्या कायद्यांचं काय होईल? आजचा भाग या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, कारण माझ्या मते खरं काम तिथेच अडतं.

तीन कायद्यांत किती पुनरुक्ती आहे त्याचं एक उदाहरण देतो. प्रदूषण करणारा कारखाना बंद करा, त्याची वीज आणि पाणी तोडा, असा आदेश देण्याचा अधिकार जल अधिनियमाच्या कलम ३३-अ मध्ये आहे. तोच हवा अधिनियमाच्या कलम ३१-अ मध्ये आहे, आणि तोच १९८६ च्या कायद्याच्या कलम ५ मध्येही आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतरच्या तीन-चार वर्षांत हे तिन्ही कायद्यांत आलं. १९८६ च्या कायद्याला ‘छत्री कायदा’ म्हणतात, पण त्याच्याच मूळ कलम २४ मध्ये एक पळवाट ठेवलेली होती : एखादं कृत्य या कायद्याखालीही गुन्हा असेल आणि दुसऱ्या कायद्याखालीही, तर शिक्षा दुसऱ्या कायद्याने करायची. छत्रीने स्वतःच बाजूला व्हायचं, अशी ही तरतूद.

एकत्रीकरणाचा मोठा प्रयत्न २०१४ साली झाला. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्टमध्ये समिती नेमली गेली आणि नोव्हेंबरमध्ये तिचा अहवालही आला. पर्यावरणाच्या व्यवस्थापनाचा एक नवा कायदा करावा, दिल्लीत एक राष्ट्रीय आणि प्रत्येक राज्यात एक राज्य प्राधिकरण असावं, जल आणि हवा हे दोन्ही कायदे पुढे १९८६ च्या कायद्यात विलीन करावेत, अशा तिच्या शिफारशी होत्या. २०१५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तो अहवाल नाकारला. देशभरचे कायदे ढवळायला तीन महिने कमी पडले, हा तिचा एक आक्षेप होता आणि मला तो पूर्ण पटतो.

वेळेपेक्षा मोठी अडचण पाण्याची आहे. ती समजून घ्यायला मुंबईच्या विधानभवनात जावं लागतं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे. संसदेला त्यावर स्वतःहून कायदा करता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने दिल्लीची वाट न बघता महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्याखाली आपलं प्रदूषण मंडळ उभं केलं. केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर आला. अनुच्छेद २५२ सांगतो की, दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून विनंती केली तर राज्यसूचीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. १२ राज्यांनी तसे ठराव केले. शेजारचा गुजरात त्यात होता, कर्नाटक होता. महाराष्ट्र नव्हता, कारण त्याचं घर आधीच बांधून झालं होतं. पुढे १ जून १९८१ पासून केंद्राचा कायदा आपण स्वीकारला आणि त्याच्या कलम ४ खाली मंडळ पुन्हा घडवलं गेलं.

राज्याचा कायदा राष्ट्रीय कायद्याशी जुळवून घेण्याचा महाराष्ट्रातला हा पहिला मोठा प्रसंग. त्याची किंमतही होती. अनुच्छेद २५२ च्याच दुसऱ्या खंडानुसार, असा कायदा एकदा स्वीकारला की राज्याच्या विधिमंडळाला त्यात बदल करता येत नाही. दुरुस्ती संसदेनेच करायची, आणि ती आपल्याला लागू व्हायची तर पुन्हा ठराव करायचा. विषय राज्याचा, नदी राज्याची, पण कायद्यातला एक शब्दही बदलायची मुभा राज्याला उरत नाही.

हवेचं तसं नाही. हवा अधिनियम आणि १९८६ चा कायदा अनुच्छेद २५३ खाली झाले. १९७२ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला जी जागतिक परिषद झाली, तिच्या निर्णयांची अंमलबजावणी म्हणून. आंतरराष्ट्रीय निर्णयासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, तिथे राज्याचा ठराव लागत नाही. (धुराला आवर घालणारा कायदा मुंबईला तेव्हाही नवा नव्हता, १९१२ साली मुंबई प्रांताने धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला होता, तोही गिरण्यांच्या चिमण्या डोळ्यांपुढे ठेवून.) महाराष्ट्रात २ मे १९८३ रोजी आधी काही भाग हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झाले आणि ६ नोव्हेंबर १९९६ पासून सगळं राज्य त्यात आलं.

ही दुहेरी घडण कागदावरची बारीक गोष्ट वाटेल, पण गेल्या काही वर्षांत तिचा परिणाम उघड झाला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा अधिनियमातल्या आणि १९८६ च्या कायद्यातल्या अनेक गुन्ह्यांची तुरुंगवासाची शिक्षा काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती आणली. १ एप्रिल २०२४ पासून ते देशभर लागू झालं, भिवंडीलाही. पाण्यासाठी मात्र वेगळा कायदा करावा लागला : जल (सुधारणा) अधिनियम २०२४. तो सुरुवातीला लागू झाला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना. बाकी प्रत्येक राज्यासाठी दार एकच, विधिमंडळाचा ठराव.

आता पुन्हा त्या प्रोसेस हाऊसच्या आवारात या. चिमणीतून निघालेल्या धुराची शिक्षा दिल्लीत बदलली की इथे आपोआप बदलते. दहा पावलांवरच्या गटारातून निघालेल्या रंगीत पाण्याची शिक्षा मुंबईत ठराव झाल्यावरच बदलते. ठराव होईपर्यंतच्या काळात एकाच मालकाच्या दोन चुकांना दोन युगांचे कायदे लागतात : एकीला अधिकाऱ्याने लावलेली शास्ती, दुसरीला न्यायालयात खटला आणि दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद.

या बदलाबद्दल माझं मत सांगतो. खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात आणि कैद क्वचितच होते, हे खरं आहे. शास्ती लवकर लागू शकते, हेही खरं. पण ती ठरवणार कोण? नव्या व्यवस्थेत न्यायनिर्णय अधिकारी केंद्राच्या सहसचिव किंवा राज्याच्या सचिव दर्जाच्या खालचा चालत नाही. निर्णयाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायचं तर शास्तीच्या दहा टक्के आधी भरायचे. नदीकाठच्या शेलार गावचा शेतकरी किंवा भिवंडीच्या शांतीनगरची काजळीने त्रासलेली बाई सचिवापर्यंत पोचणार कशी, याचं उत्तर या कलमांत मला सापडत नाही. शिवाय १५ लाख ही रक्कम सुताला खळ लावणाऱ्या छोट्या साइझिंगवाल्याला बुडवू शकते आणि मोठ्या प्रोसेस हाऊसला वर्षाच्या हिशेबातला एक खर्च वाटू शकते. राज्याने ठराव करताना या गोष्टी सभागृहात बोलल्या गेल्या पाहिजेत. २०२४ च्या दुरुस्तीत राज्य मंडळाच्या अध्यक्षाच्या नेमणुकीची पद्धत ठरवण्याचा आणि काही उद्योगांना संमतीपत्रातून सूट देण्याचा अधिकारही केंद्राकडे गेला आहे. ‘स्वीकार’ या एका शब्दात हे सगळं आत येतं.

ही झाली केंद्राच्या कायद्यांची बाजू. राज्याच्या स्वतःच्या कायद्यांची गुंतागुंत याहून दाट आहे आणि भिवंडीतल्या कामवारी नदीच्या काठाने चालत गेलं की ती डोळ्यांनी दिसते. शेलार आणि खोणीचा परिसर ग्रामपंचायतींचा, म्हणून तिथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. नदीनाक्याशी शहराची हद्द, म्हणून तिथे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. सरवलीची औद्योगिक वसाहत १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांच्या जमिनीचा प्रश्न १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचा, आणि तिथली नियोजन संस्था महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. शहरातलं झाड तोडलं तर १९७५ चा कायदा, हद्दीबाहेरचं तोडलं तर १९६४ चा. बोअरवेलच्या पाण्याला राज्याचा भूजल अधिनियम २००९. आणि केंद्राचं भूजल प्राधिकरण १९९७ मध्ये उभं राहिलं ते १९८६ च्या पर्यावरण कायद्याच्या आधाराने. पाणी या हद्दी ओळखत नाही, एका कायद्यातून दुसऱ्यात वाहत जातं.

या राज्य कायद्यांतलं काही फार मोलाचं आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात, जो प्रदूषण करील त्यानेच त्याची भरपाई करायची, हे तत्त्व लिहिलेलं आहे. केंद्राच्या हरित न्यायाधिकरण कायद्यात ते पाच वर्षांनी आलं. प्लास्टिकचंही तसंच. २००६ च्या राज्याच्या अविघटनशील कचऱ्याच्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर सरसकट बंदी घातली : पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. केंद्राचे नियम पिशवीची जाडी मोजतात. १२० मायक्रॉनची पिशवी त्यांना चालते. उद्या संहिता आली आणि राज्याचा कायदा तिच्याशी विसंगत ठरला, तर घटनेप्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरेल आणि कडक नियम सौम्य नियमापुढे गळून पडेल. संहिता करताना राज्याने सगळ्यात आधी जपायचं ते हेच.

मग जुळवणी करायची कशी? भिवंडीत हे समजावणं सोपं आहे. मागावरचा बीम संपला की नवा बीम चढवतात, पण जुन्या ताण्याची टोकं कापून टाकत नाहीत. नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला गाठ मारून जोडतात, मग माग हळूहळू ओढून त्या गाठी पलीकडे नेतात. हजारो तारांपैकी काही सुटल्या तर कापडात तेवढ्या रेषा रिकाम्या येतात. राज्याच्या कायद्यांत, नियमांत, अधिसूचनांत, महापालिकेच्या परवान्यांत केंद्राच्या कायद्यांची कलमं अशीच शेकडो ठिकाणी विणलेली असतात.

एका कायद्याच्या जागी एकच कायदा आला तर काम हलकं असतं. ‘निरसन व व्यावृत्ती’चं कलम आणि सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम मिळून ते निभावतात : जुने परवाने चालू राहतात, जुने खटले पुढे जातात, जुन्या कलमाचा उल्लेख नव्या कलमाचा समजतात. उदाहरणार्थ, सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ झालं. त्याच कलम १३३ च्या बळावर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतलामच्या नगरपालिकेला गटारं बांधायला लावली होती. तो निकाल आजही तितकाच कामाचा आहे, आकडा तेवढा बदलला.

पण तीन-चार कायदे मिळून एक संहिता झाली, व्याख्या बदलल्या, मंडळाच्या जागी प्राधिकरण आलं, तर वाक्खंड अधिनियम पुरत नाही. स्वीडनने १५ कायदे एकत्र करून १ जानेवारी १९९९ पासून पर्यावरण संहिता लागू केली, तेव्हा सोबत एक स्वतंत्र ‘प्रवेश कायदा’ही केला. जुन्या परवान्यांचं काय, चालू प्रकरणांचं काय, इतर कायद्यांतल्या जुन्या उल्लेखांचं काय, हे सगळं त्यात होतं. जर्मनीतही अशी संहिता लिहिली गेली आणि २००९ मध्ये सोडून द्यावी लागली. राज्य आणि संघराज्य यांच्या ओढाताणीत, विशेषतः बव्हेरियाच्या विरोधापुढे, ती टिकली नाही. आपली अडचण जर्मनीसारखी आहे, आणि आपण तयारी मात्र स्वीडनइतकीही करत नाही.

आणखी एक गाठ हरित न्यायाधिकरणाची. त्याच्या कायद्याच्या अनुसूचीत सात कायदे आहेत आणि सातही केंद्राचे. राज्याचा वृक्ष कायदा किंवा भूजल कायदा मोडल्याची निव्वळ तक्रार घेऊन पुण्याच्या पीठाकडे जाता येत नाही. संहितेत अनुसूची बदलावीच लागेल. तेव्हाच राज्याचे कायदेही तिच्यात घाला, अशी मागणी महाराष्ट्राने आजपासून लावून धरायला हवी.

माझं म्हणणं एवढंच आहे की, महाराष्ट्राने दिल्लीच्या संहितेची वाट बघत बसू नये. विधी व न्याय विभागाने आणि पर्यावरण विभागाने आत्ताच एक तक्ता करावा : राज्याचा कोणता कायदा, कोणता नियम, कोणती अधिसूचना केंद्राच्या कोणत्या कलमावर उभी आहे, कुठे राज्याचं पाऊल कडक आहे, कुठे दोन अधिकारी एकाच कामाचे धनी आहेत. तो मराठीत आणि सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. १९८१ चा स्वीकार झाला तेव्हा भिवंडीत माग वाढत होते आणि कामवारीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आज भिवंडी ग्रामीण, भिवंडी पश्चिम आणि भिवंडी पूर्व असे तीन मतदारसंघ या एका नदीभोवती आहेत. जल अधिनियमाच्या कोणत्याही दुरुस्तीच्या स्वीकाराचा ठराव सभागृहाच्या कामकाजपत्रिकेवर काही ओळींचा असतो. त्या दिवशी या तीन आमदारांपैकी एकाने उभं राहून विचारावं : या ठरावामुळे राज्याचे कोणते कायदे बदलावे लागतील, त्यांची यादी सभागृहासमोर ठेवली आहे का?

पुढच्या भागात शेलारच्या बाजूने नदीत उतरू. ग्रामपंचायतीच्या हातात खरोखर कोणते अधिकार आहेत, ते पाहू.