भोवरा निवडताना

घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत अंगणे आकसली, तरी भोवऱ्यास हातभर जागा पुरते. नवख्या मुलास मुठीत मावणारा, रुंद पोटाचा लाकडी भोवरा द्यावा, असे आम्ही सुचवितो. आर मध्यभागी व सरळ असावी. ती कललेली असल्यास भोवरा थरथरतो आणि मूल स्वतःच्या हातास दोष देते. हातजाळी शिकणाऱ्याने हलका, बोथट व गुळगुळीत आर असलेला भोवरा घ्यावा. टोकदार आर तळव्यास बोचते. जाळी सुताची बरी. गुळगुळीत प्लास्टिकची दोरी लाकडावरून घसरते. सावंतवाडीचा रंगीत भोवरा देखणा खरा, तथापि घेण्यापूर्वी फिरवून पाहावा. पालकांनी किमतीआधी आर तपासावी. पहिला भोवरा नीट फिरला, तर मूल दुसऱ्या दिवशी आपणहून खेळावयास येते.