मोसंबी-पुदिन्याचे ड्रेसिंग, आपल्या दस्तरखानासाठी

आपल्या दस्तरखानावर सालन, बिर्याणी, कबाब यांची कमी नसते. कमी असते ती कच्च्या भाज्यांची. कांद्याच्या चार चकत्या, लिंबाची एक फोड, फार तर मीठ लावलेली काकडी, एवढ्यावर आपण भागवतो. मग घरात अब्बांना रक्तदाब किंवा अम्मींना साखर निघते, डॉक्टर सॅलड खायला सांगतात आणि त्या एकट्या माणसापुढे औषधासारखी काकडी-गाजराची बशी ठेवली जाते. दोन दिवस ती संपते, तिसऱ्या दिवशी तशीच परत येते. त्या बशीला चव देणारे काही आपण बरोबर देत नाही, म्हणून असे होते, असे आम्हांला वाटते.

दुकानात ड्रेसिंगच्या तयार बाटल्या मिळतात. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत मीठ आणि साखर दोन्ही भरपूर असते, म्हणजे ज्यांच्यासाठी आणायची त्यांनाच ती चालत नाही. काही परदेशी बाटल्यांवर ‘वाइन व्हिनेगर’ असेही लिहिलेले असते. त्याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत. घरी बनवले तर तो प्रश्नच उरत नाही.

आणि चितेगाव-बिडकीन-पैठण पट्ट्यातल्या घरांना तर फार लांब जायला नको. हा मोसंबीचा मुलूख. शेजारच्या जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आंब्या बहराची फळे पावसाळ्याच्या शेवटी येतात, मृग बहराची हिवाळा सरता सरता. लहान, डाग पडलेल्या फळाला व्यापारी भाव देत नाही, पण रस त्यातही चांगला असतो. अशी फळे या कामाला उत्तम.

मात्र नुसत्या मोसंबीवर काम भागत नाही. तिच्यात गोडी आहे, आंबटपणा कमी. म्हणून दोन मोसंब्यांच्या रसाला एक रसदार लिंबू हवेच. तेल आम्ही करडईचे घेतो. मराठवाड्याचेच पीक, आणि रिफाइंड करडईच्या तेलाला स्वतःचा वास फारसा नसल्याने पुदिना उठून दिसतो. उमऱ्याहून किंवा आखातातून कुणी जैतूनचे तेल आणले असेल तर तेही छान.

सहा माणसांसाठी असे करा. अर्धा चमचा मोहरीची पूड चमचाभर गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवा. थेट आंबट रसात टाकली तर तिचा झणका नीट उतरत नाही. मग त्यात मोसंबी-लिंबाचा रस, लसणाची एक ठेचलेली पाकळी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि पाव चमचा मीठ घाला. लिंबाची हिरवी-पिवळी साल थोडी किसून टाका. आतला पांढरा भाग मात्र किसू नका, तो कडू असतो. झाकणाच्या बरणीत हे सारे आणि चार मोठे चमचे तेल घालून जोरात हलवा. तेल आणि रस एरवी लगेच वेगळे होतात. मोहरीमुळे ते काही वेळ एकजीव राहतात.

पुदिना-कोथिंबीर सर्वांत शेवटी, सुरीने बारीक चिरून. मूठभर तरी हवी. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि फडक्यावर कोरडी करा, ओल्या पानांनी ड्रेसिंग पातळ होते. आधीच घालून ठेवली तर आंबटामुळे पाने काळपट पडतात. मिक्सरचा मोह टाळा. मोसंबीच्या बिया त्यात भरडल्या गेल्या की सगळे कडू! मोसंबीचा काढून ठेवलेला रसही तासाभराने कडवट लागू लागतो, म्हणून तो ऐनवेळीच काढावा.

मिठाचा हिशेब पाहा. पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, तेही सहा जणांत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आंबट आणि मोहरीचा झणका असला की कमी मीठ जाणवत नाही. साखर किंवा मध घालायची गरजच नाही.

काकडी, गाजर, मुळा, पत्ताकोबी, काहीही चालेल. आमची पसंती उकडलेल्या हरभऱ्याला. लिंबू-मोसंबीतल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे हरभऱ्यातले लोह अंगी लागायला मदत होते, तेव्हा रक्त कमी असलेल्या मुलींसाठी ही वाटी मुद्दाम काढावी. रमजानमध्ये इफ्तारच्या भज्यांशेजारीही ती ठेवून पाहा.

नान-कलियाच्या दावतीनंतर उरलेल्या नानांचाही इथे उपयोग होतो. नानाचे तुकडे तव्यावर कडक भाजून घ्या आणि काकडी, टोमॅटो, कांद्यात मिसळून वर हे ड्रेसिंग ओता. शाम-लेबनानकडे शिळ्या रोटीचे असेच ‘फत्तूश’ करतात, आंबटपणाला तिकडे सुमाक घालतात.

ड्रेसिंग वाढतानाच ओतावे, नाहीतर काकडीला पाणी सुटते. उरले तर बरणी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. तेलात लसूण आहे, त्यामुळे ती ओट्यावर ठेवून देऊ नका.