परसातलं सीताफळ आणि तोडीची गाडी



ऊसवाल्या माणसानं सीताफळावर लिहावं, याचं काहींना हसू येईल. पण मागं तोडीला जाणाऱ्या एका घरी गेलो होतो. म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, झाड आमी लावलं, पानी आमी घातलं, अन् खाती पाखरं. पोरं कोयता घेऊन गाडीत बसली की मग हे पिकतंय."

खरंच आहे. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुणी न लावताही येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पावसाच्या भरवशावर फुलं लागतात जूनमध्ये, आणि फूल ते फळ चार महिने तरी जातात. हिशेब येतो दसरा-दिवाळीवर, म्हणजे नेमका टोळ्या निघायच्या वेळी.

यावर उपाय आहे. पानगळ झाली की वाळक्या, दाटलेल्या फांद्या छाटाव्यात. मार्चभर पाणी तोडावं. एप्रिलमध्ये शेणखत घालून पाणी सुरू करावं. नवी फूट येते, तिच्यावर कळी धरते आणि फळ सप्टेंबरात हाती येतं. अडचण आपल्या मे महिन्याची! पारा ४० च्या वर गेला, हवा कोरडी झाली की फुलं गळून सडा पडतो. माझ्या परसातल्या झाडाला पहिल्या वर्षी एक फळ राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी बुडाशी उसाचं पाचट जाड अंथरलं. (पाचट जाळू नका म्हणून मी ओरडतो, ते यासाठीही.) ओल टिकली, गारवा राहिला.

दुसरी खोड फुलाची. त्यातला मादीभाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतो. म्हणून शेकडो फुलांत फळं मोजकीच. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग काडेपेटीत झाडून घ्यावेत आणि सकाळी लवकर, नुकत्याच उकलू लागलेल्या फुलांत मऊ कुंचल्यानं लावावेत. आमच्या धाकटीनं हे केलं. त्या साली चौदा फळं उतरली.

डोळे उकलून मधल्या रेघा पिवळसर झाल्या की फळ काढावं. त्याआधी काढलेलं पिकत नाही. मुंग्या खोडावर चढू लागल्या की पिठ्या ढेकूण आलाच समजा. बिया डोळ्यांना घातक, त्या लेकरांपासून लांब ठेवा. नवीन झाड लावायचं तर 'धारूर-६' चं कलम पाहावं. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रात चौकशी करावी.

मावशींच्या झाडाची छाटणी पानगळीनंतर मी स्वतः करून देणार आहे. छाटणीची कात्री गट कार्यालयात ठेवली आहे. हवी त्यानं न्यावी, पण परत आणून द्यावी.