संकेतस्थळाचे ॲप : बसवावे कसे, काढावे कसे?



सातबारा पाहायचा, हापूसला मोहोर आला की हवामान खात्याचा अंदाज बघायचा, महाडीबीटीवर अर्ज भरायचा. दर वेळी पत्ता टाइप कोण करणार? तेच संकेतस्थळ संगणकावर ॲप म्हणून बसवा. चिन्हावर टिचकी मारली की झालं! इंटरनेट मात्र लागतेच.

बसविण्यापूर्वी : वरच्या पट्टीतला पत्ता नीट वाचा. सरकारी पत्ता पहिल्या तिरक्या रेघेआधी सहसा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असा संपतो. तसे नसेल तर चौकशी केल्याशिवाय आधार किंवा बँकेची माहिती भरू नका.

बसविणे : क्रोममध्ये संकेतस्थळ उघडा. उजवीकडे वर तीन टिंबे दिसतील, ती दाबा. ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’मध्ये ‘इन्स्टॉल पेज ॲज ॲप’ निवडा.

काढणे : ॲप उघडा आणि त्याच्या तीन टिंबांतून ‘अनइन्स्टॉल’ निवडा. चूक होते ती इथेच. नुसते ॲप काढले तरी तुमचे लॉगिन ब्राउझरमध्ये राहू शकते. मागून येणाऱ्याला तुमचे खाते उघडे सापडेल. संगणक शेजाऱ्याचा किंवा सेवा केंद्रातला असेल, तर आधी लॉगआउट करा. मग काढताना साठलेली माहितीही पुसण्याची चौकट येते, तिच्यावर खूण करा.

ॲप काढले म्हणून सातबारा किंवा भरलेला अर्ज जाईल काय? नाही. चिन्ह हे नुसते दार. दप्तर सरकारकडेच राहते.