आधी तेल, मग शाकारणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवणच्या बंदरांत आवराआवरीची घाई. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. जाळी धुऊन-सुकवून उचलायची, बर्फाचे खण घासायचे, भरतीचं पाणी गाठून नौका वर ओढायची आणि ताडपत्री घालून शाकारायची. या गडबडीत इंजिनाच्या तेलाचा विषय निघालाच तर उत्तर बहुधा एकच मिळतं: ते उतरवताना बदलू. सहा सिलिंडरच्या इंजिनात पंधरा-वीस लिटर तेल बसतं. आत्ता नवं ओतलं तर दोन महिने ते नुसतं पडून राहणार, मग पैसे आधीच कशाला अडकवा?

हिशेब ऐकायला पटतो. पण तो चालणाऱ्या इंजिनाचा हिशेब आहे. जुन्या तेलाचा खरा त्रास इंजिन थांबल्यावर सुरू होतो, आणि कोकणच्या पावसाळ्यात तर तो वाढतो. म्हणून तेल बदलायचं ते नौका वर घेण्याआधी, शेवटच्या फेरीनंतर, ती पाण्यात असतानाच.

तेल इंजिनात नेमकं काय करतं, इथून सुरुवात करू. तेल दोन धातूंमध्ये ‘गुळगुळीतपणा’ आणतं, असं आपण मोघम समजतो. १८८३ साली बीचम टॉवर हा इंग्लिश अभियंता फिरत्या दांड्यावरच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होता. दांड्याची खालची बाजू तेलात बुडलेली, वर अर्धं बेअरिंग आणि त्यावर वजन. तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं, तर यंत्र सुरू होताच त्या भोकातून तेल वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा भार सरासरी दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि काटा २०० च्या पलीकडे गेला. तेलाने ते सगळं वजन उचलून धरलं होतं! दांडा आणि बेअरिंग एकमेकांना शिवतच नव्हते.

याचं गणित १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मांडलं. दांडा बेअरिंगच्या मध्यावर नेमका नसतो, थोडा एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे तेलाची जागा पाचरीसारखी निमुळती होत जाते. फिरता दांडा तेलाला त्या अरुंद जागेत ओढून नेतो, तिथे दाब चढतो आणि दांडा उचलला जातो. पावसात भरधाव मोटारीचं चाक रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतं, त्यातला हाच प्रकार. ऑइल पंपाचं काम फक्त तेल पोचवण्याचं. इंजिनातल्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, तोलून धरणारा थर त्याच्या स्वतःच्याच गतीतून तयार होतो. गती नाही तर थर नाही. इंजिन बंद पडलं की शाफ्ट खाली बसतो आणि धातू धातूला टेकतो. पुढचे दोन महिने तो तसाच टेकलेला राहणार आहे. त्याच्याभोवती त्या काळात कोणतं तेल असेल, हा सगळा प्रश्न आहे.

तेल म्हातारं होतं म्हणजे काय, याबद्दलही गैरसमज आहे. ते वापराने पातळ होऊन ‘संपतं’ असं नाही. बेस ऑइल बऱ्यापैकी टिकतं. बिघडतं ते त्यात जमा होणाऱ्या गोष्टींमुळे आणि खर्च होतात ती त्यात घातलेली रसायनं. डिझेलमध्ये वजनाच्या साधारण १३-१४ टक्के हायड्रोजन असतो. तो जळला की पाणी होतं. हिशेब केला तर एक लिटर डिझेल जळल्यावर जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! त्यातलं बहुतेक वाफ होऊन धुरांड्यातून जातं. पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्यासोबत वाफ येते, काजळी येते, नायट्रोजनची ऑक्साइडं येतात आणि डिझेलमध्ये गंधक असेल तर त्याचीही ऑक्साइडं येतात. ती पाण्याशी मिळाली की आम्ल.

यावर उपाय तेलातच घातलेला असतो. कॅल्शियमची आम्लारी संयुगं आम्लाला जागच्या जागी मारतात. विखुरणारी रसायनं काजळीचे कण सुटे ठेवतात, त्यांचे गोळे होऊ देत नाहीत. जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग धातूवर पातळ संरक्षक थर चढवतं. टॉवरचा तेलाचा थर जिथे तुटतो तिथे हाच कामी येतो. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आलं, त्यामुळे गंधकाच्या आम्लाचा जाच पुष्कळ कमी झाला. नायट्रोजनचा झाला नाही, आणि पाण्याचा तर होणारच नाही. डिझेल इंजिनाचं तेल दोन दिवसांत काळं पडलं तर घाबरू नये. काजळी तेलात तरंगते आहे म्हणजे तेल आपलं काम करतंय. तेल महिनोन् महिने स्वच्छ दिसत असेल, तर ती काजळी इंजिनात कुठे चिकटून बसली आहे, अशी शंका घ्यावी.

ही रसायनं किती लवकर संपतात, यात बोट आणि ट्रक यांची तुलनाच होत नाही. ट्रकचा ड्रायव्हर उतारावर पाय उचलतो, सिग्नलला थांबतो. बोटीला उतार नाही. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते: फेरे दहा टक्क्यांनी कमी केले तर शक्तीची गरज सत्तावीस टक्क्यांनी उतरते. चांगला तांडेल हे गणित न मांडताही जाणतो, म्हणून तो लिव्हर शेवटच्या टोकाला नेत नाही. तरीही जाळं ओढताना इंजिन तासन् तास भाराखालीच असतं. आठ दिवसांच्या फेरीत ते सलग चालू राहिलं तर १९२ तास होतात. ताशी चाळीस किलोमीटरने धावणाऱ्या ट्रकचे हे साडेसात हजार किलोमीटर झाले. म्हणून बोटीच्या तेलाचं आयुष्य तासांत मोजतात. इंजिन आणि तेल कुठलं त्यावर तो आकडा ठरतो, शंभर ते अडीचशे तास ही नेहमीची कक्षा. तासांचं मीटर बंद पडलेलं असेल तर ते आधी दुरुस्त करावं, बाकीच्या खर्चाचं नंतर बघू.

आता शाकारलेल्या नौकेकडे. मेअखेरचं तेल म्हणजे आधीच्या फेऱ्यांची आम्लं, काजळी आणि पाण्याचा अंश सोबत घेतलेलं, आम्ल मारण्याची ताकद खर्चून बसलेलं तेल. पावसाळ्यात हवा दमट. दिवसा इंजिनातली हवा थोडी प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून बाहेरची ओल आत घेते. थंड धातूवर ती थेंबांनी जमते. चालत्या इंजिनात ही ओल उष्णतेने उडून गेली असती. बंद इंजिनात ती खाली उतरते आणि तेलातल्या आम्लाला काम करायला लागणारं पाणी पुरवते. अनेक इंजिनांच्या बेअरिंगमध्ये तांबं आणि शिसं असतं. यातलं शिसं आम्लात आधी जातं. ऑगस्टमध्ये इंजिन चालू केल्यावर काही ऐकू येत नाही, कारण पृष्ठभागावरचे ते बारीक खड्डे आवाज करत नाहीत. मग दिवाळीच्या सुमारास ऑइल प्रेशर उतरायला लागतं आणि दोष नव्या तेलाला दिला जातो.

‘मधूनमधून पाच मिनिटं चालवून ठेवतो’ हा उपाय तर उलटा. पाच मिनिटांत तेल तापत नाही, पण जळण्यातून पाणी मात्र तयार होतं. उडून न जाणारं पाणी फुकट आत सोडल्यासारखं ते. चालवायचंच तर भार देऊन, तेल नीट तापेपर्यंत. ते किनाऱ्यावर जमणारं नाही. समुद्राच्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरलं तर थोड्याच वेळात जळतं.

तेल पाण्यातच बदलायचं, याचं कारणही इथेच आहे. तेल गरम असतानाच काढावं लागतं. पंधरा-डब्ल्यू-चाळीस या ओळखीच्या प्रतीचं तेल चाळीस अंशांवर जितकं दाट असतं, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकंच शंभर अंशांवर उरतं. शिवाय गरम आणि नुकतंच ढवळलेलं असलं की काजळी त्याच्यासोबत निघते. रात्रभर थांबलं की ती तळाला बसते आणि तिथेच राहते. इंजिन गरम करायला थंडाव्याचं पाणी हवं, आणि ते बोट तरंगत असतानाच मिळतं.

ट्रकच्या खाली सरपटत जाऊन ड्रेन प्लग सोडता येतो. बोटीत इंजिन तळाच्या इतकं जवळ बसवलेलं असतं की खाली डबा सरकवायला जागाच नसते, आणि प्लग निघाला तरी तेल बोटीच्या तळातच सांडणार. म्हणून ते वरून ओढायचं: डिपस्टिकच्या नळीतून बारीक होज चेंबरच्या तळापर्यंत सोडायची आणि हातपंपाने किंवा बॅटरीच्या पंपाने तेल उपसायचं. काही इंजिनांना यासाठी वेगळी नळी आणि पंप बसवलेलाच असतो. होज तळाला टेकली पाहिजे, आणि बोट इंजिनाकडच्या बाजूला किती कललेली आहे तेही बघावं, नाहीतर दोन-तीन लिटर जुनं तेल आतच राहतं. फिल्टर सोडताना त्याला खालून प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावावं, नंतर हातानेच आवळावा. पान्याने पिळलेला फिल्टर पुढच्या वेळी कापूनच काढावा लागतो. तेल भरलं की इंजिन काही मिनिटं चालवायचं, म्हणजे नवं तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचेल. मग गळती आणि पातळी तपासायची, आणि मगच नौका वर.

काढलेल्या तेलाकडे बघायला मात्र कुणी थांबत नाही, आणि तिथेच सगळी बातमी असते. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर इंधन गळतंय. जुना फिल्टर कापून उघडला आणि कागदाच्या घड्यांत चकचकीत कण दिसले तर बेअरिंग बोलतंय. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय. थोडीच शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकावा (चेहरा लांब ठेवून). तडतडला तर पाणी आहे. हे पाणी समुद्राचं असेल तर गाठ अवघड. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ घेऊन ते येतं. इंजिन तापवून पाणी उडवता येईल, मीठ तिथेच राहणार. आधी ऑइल कूलर, हीट एक्स्चेंजर, धुराच्या वाटेने उलटं येणारं पाणी यांतली चूक शोधायची, मग स्वस्त तेल दोन-तीनदा घालून, चालवून, काढून टाकायचं, आणि हे त्याच आठवड्यात. इथे ऑगस्टची वाट पाहणं म्हणजे इंजिन गमावणं.

काढलेलं पंधरा-वीस लिटर काळं तेल कुठे जातं, हा प्रश्न बंदरात उघडपणे विचारला जात नाही. थोडं वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासलं जातं. त्यात कर्करोगाशी संबंध असलेले बहुचक्रीय हायड्रोकार्बन जमा झालेले असतात, त्यामुळे ते उघड्या हाताने फासणं तरी थांबावं. बोटीच्या तळात सांडलेलं तेल पाणी उपसणाऱ्या पंपातून सरळ समुद्रात जातं. पाण्यावर दिसणारा इंद्रधनुषी तवंग ०.३ मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासच्या जाडीचा झाला की रंग उमटू लागतात: थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग खोडतात, काही उजळवतात. त्या जाडीने एक लिटर तेल पसरलं तर ३,३०० चौरस मीटर, म्हणजे तेहतीस गुंठे पाणी झाकलं जाईल. वर साबणाचं पाणी ओतून तवंग घालवणं ही निव्वळ डोळ्यांची समजूत. तेल बारीक थेंब होऊन खाली जातं, नाहीसं होत नाही. चारशे टनांवरच्या मोठ्या जहाजांना, सोडायच्या पाण्यात दहा लाख भागांत पंधरा भागांपेक्षा जास्त तेल नको, अशी आंतरराष्ट्रीय अट आहे. लहान नौकांवर ते पाणी गाळणारं यंत्रच नसतं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवं. तिथे पाणी आणि मळ काढून, निर्वात ऊर्ध्वपातन करून त्यातून पुन्हा बेस ऑइल मिळतं. त्यासाठी बंदरात झाकणाचं एक पिंप आणि ते नेणारा माणूस लागतो. नौकामालकाला उपदेश करण्याआधी मत्स्यव्यवसाय सोसायट्यांनी ते पिंप ठेवावं. त्यात डिझेल, पाणी किंवा थिनर मिसळू दिलं नाही तर तेलाला भावही बरा येतो.

ऑगस्टमध्ये नौका पाण्यात उतरली की डिपस्टिक काढून आधी पातळी आणि रंग बघायचा. दोन महिन्यांत बेअरिंगवरचं तेल निथळलेलं असतं. जुन्या धाटणीच्या इंजिनात बंद करायची दांडी ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, प्रेशरचा काटा हलला की मग दांडी सोडावी. ज्या बोटीत थंडाव्याचं पाणी धुराच्या नळीतूनच बाहेर पडतं, तिथे एवढा वेळ समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद हवा, नाहीतर धूर नसताना ते पाणी नळीत साठून सिलिंडरमध्ये उलटं येतं. इंजिन पेटताक्षणी व्हॉल्व्ह उघडायचा. हे काम दोन माणसांचं आहे, एक किल्लीपाशी आणि एक व्हॉल्व्हपाशी.