बंदर बुडवायचंय? आधी पाढे पाठ कर!

वाशिमपासून समुद्र किती लांब! आपल्याकडच्या बऱ्याच मुलांची समुद्राशी पहिली भेट होते ती पडद्यावर. आणि सिनेमातला समुद्र बघावं तेव्हा रागावलेलाच! अजस्र लाट येते, क्रेन मोडून पडतात, जहाज उलटं होतं, अख्खं बंदर धडाधड कोसळतं.

आता ओळख बघू, ते कोसळणारं बंदर असतं तरी केवढं?

कितीदा तरी, तुझ्या वर्गात मावेल एवढंच!

खरंच सांगतोय! आज पुष्कळसं काम कॉम्प्युटर करतो. पण 1954 साली जपानमध्ये ‘गॉडझिला’ आला, तेव्हा कुठला कॉम्प्युटर? समुद्रातून एक राक्षसी प्राणी निघतो आणि टोकियो शहर तुडवतो. तो प्राणी म्हणजे जाडजूड पोशाखात घामाघूम झालेला माणूस! आणि टोकियो? बहुतेक इमारती खऱ्यापेक्षा 25 पट लहान.

मग त्या खेळण्यातल्या का वाटत नाहीत? इथेच तर गंमत आहे!

एक मीटर उंचीवरून खडू सोड. टक्! अर्धा सेकंदही लागत नाही. आता तोच खडू 25 मीटर उंच इमारतीवरून सोडला तर? उंची 25 पट, म्हणून वेळही 25 पट?

चूक! फक्त 5 पट. जेमतेम सव्वादोन सेकंद. कारण पडणाऱ्या वस्तूचा वेग वाटेत वाढतच जातो. पाच पंचे पंचवीस! आला की नाही पाढा?

म्हणजे छोटी इमारत भस्सकन पडते आणि मोठी सावकाश कोसळते. आपले डोळे मोठे चलाख, हा फरक लगेच पकडतात. मग त्यांना फसवायचं कसं? सिनेमात एका सेकंदात 24 चित्रं दाखवतात. छोटी इमारत पाडताना कॅमेरा जोरात पळवायचा आणि सेकंदाला 120 चित्रं घ्यायची. दाखवताना मात्र नेहमीच्याच 24 च्या चालीने. झालं! पडायला 5 पट वेळ लागतो आणि खेळण्यातली इमारत खरी वाटू लागते.

पाणी मात्र फार हट्टी! इमारत 25 पट लहान करशील, पण थेंब कसा लहान करशील? पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. थेंबाचा आकार ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. छोट्या जहाजावर उडालेला साधा थेंब पडद्यावर नारळाएवढा दिसतो! मग कोण घाबरणार? म्हणून पाण्याच्या दृश्यांसाठी प्रतिकृती जमेल तेवढी मोठी करावी लागते. 2004 च्या त्सुनामीवरचा ‘द इम्पॉसिबल’ हा सिनेमा 2012 साली आला. त्यासाठी स्पेनमधल्या भल्यामोठ्या टाकीत खरं पाणी खेळवलं होतं.

आता जरा जवळ ये. एक बंदर खरोखर उडालं होतं. तेही आपल्या मुंबईचं! आणि सुरुवात कशाने झाली असेल, सांग?

कापसाने!

14 एप्रिल 1944. दुसरं महायुद्ध चालू होतं. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी! दुपारी कापसातून धूर निघू लागला. कारंजा-मानोऱ्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. गाठीतल्या कापसाची आग सहसा भडकून उठत नाही, आतल्या आत धुमसते. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी सहज शिरत नाही, धागे मात्र हळूहळू जळत राहतात. बंबवाल्यांनी पाणी मारमार मारलं. उपयोग झाला नाही.

दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा, आणखी मोठा! हादरा इतका जबर की तो 1,700 किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर उमटला. पाणी उसळलं आणि ‘जलपद्म’ नावाचं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर चढून बसलं. सोन्याची एक वीट तर लांबवरच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली! सिनेमात दाखवलं असतं, तर आपण म्हटलं असतं, छे, काहीतरीच!

आणि सांगू? या आगीचं चित्रीकरणही झालं होतं! सुधीश घटक नावाच्या छायालेखकाने ते केलं. लष्कराने ती फिल्म जप्त केली आणि तिचे काही भाग नंतर लोकांना दाखवले. तिथे ना 120 चित्रांची युक्ती, ना टाकीतलं पाणी.

त्या दिवशी शेकडो माणसं दगावली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान परत आले नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. येत्या एप्रिलमध्ये मोठ्या माणसांबरोबर तुझ्या जवळच्या अग्निशमन केंद्रात जा. बंब जवळून बघ, आणि तिथल्या काकांना एवढं नक्की विचार: कापसाच्या गंजीला आग लागली, तर तुम्ही ती विझवता कशी?