खरवसातली भेग

परवा मी आमच्या स्वयंपाकघरात खडक फोडला. खडक जिलेटिनचा होता, दिसायला थेट खरवस. आणि बरणी सौभाग्यवतींनी परतीच्या बोलीवर दिली होती.

उद्योग मूळचा माझा नव्हे. १९४७ साली अमेरिकेत, कॅन्ससमधल्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात, विहिरीत दाबाने द्रव घुसवून खडक फोडण्याचा पहिला प्रयोग झाला. भेगेवाटे वायू किंवा तेल मोकळे वाहावे, हा हेतू. पण खोल जमिनीतली ती भेग आडवी पडते की उभी? ‘आडवीच!’ असे पुष्कळ जाणकार छातीठोकपणे सांगत. द्रव म्हणे वरचा खडक उचलून धरतो! हजार मीटर खोलीवर या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २३० किलो. किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी बोट ठेवले ते नेमके इथे: कित्येक विहिरींत भेग पडत होती ती वरच्या भारापेक्षा कमी दाबाने. मग भार उचलला कोणी?

१९५७ साली त्यांनी आपले उत्तर प्रसिद्ध केले. प्लॅस्टिकच्या बरणीत थिजवलेले जिलेटिन, त्यात नळी, आणि नळीतून दाबलेले पातळ प्लॅस्टर ऑफ पॅरिस. बस्स!

माझी पहिली खेप फुकट गेली. प्लॅस्टर पिचकारीतच घट्ट झाले. दुसऱ्या खेपेला बरणी दोन फळ्यांत आवळली. भेग फळ्यांना समांतर पडेल, असे मी ऐटीत सांगून बसलो.

“अहो, फळ्या दाबताहेत तिकडे ते कसे फाकेल? जिकडे कुणी दाबत नाही तिकडेच फाकणार ना!” सौभाग्यवती म्हणाल्या.

प्लॅस्टर घट्ट झाल्यावर जिलेटिन गरम पाण्यात विरघळवले. हाती आला पापडासारखा पातळ पत्रा. बरणीत तो उभा होता, या फळीकडून त्या फळीकडे गेलेला. करंजी फुटते ती कच्च्या सांध्यावर. इथे सांधाच नव्हता, दिशा ठरवली ती केवळ दाबाने. मग तिसऱ्या बरणीला सायकलची ट्यूब चहूबाजूंनी ताणून गुंडाळली. आता कमी दाब फक्त वरून होता. भेग आडवी!

म्हणजे जाणकारांची आडवी भेगही खोटी नव्हे. मात्र त्यासाठी वरच्यापेक्षा बाजूंचा दाब जास्त हवा. आज बोगदे खणण्यापूर्वी हाच हिशेब उलटा मांडतात: छिद्रात मुद्दाम भेग पाडायची आणि तिच्यावरून खडक कोणत्या दिशेने किती आवळला गेला आहे ते काढायचे.

दोन्ही पत्रे खिडकीत वाळत ठेवले आहेत. काल शेजारच्या काकूंनी विचारले, “अनारसे बिघडले वाटतं?”